पणजोबा कोणत्या दप्तरात?

श्राद्धाच्या संकल्पाला वडील, आजोबा आणि पणजोबा ही तीन नावे पुरतात. तहसील कचेरीला ती पुरत नाहीत. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वंशावळीला आज जितका भाव आहे तितका क्वचितच कधी असेल. वारस नोंद करायची आहे, भूसंपादनाचा मोबदला किंवा प्राधिकरणाचा साडेबारा टक्के परतावा मागायचा आहे, जात पडताळणी समितीपुढे पुरावा ठेवायचा आहे, गोव्यात जन्मलेल्या आजोबांच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे. प्रत्येक ठिकाणी एकच मागणी होते. नुसते नाव सांगू नका, कागद दाखवा.

हा कागद बहुतेकांकडे अर्धवट असतो. जन्माची नोंद आहे पण बाळाचे नाव नाही. जमिनीच्या उताऱ्यावर थोरल्या भावाचे नाव आहे, धाकट्यांचे नाही. बाप्तिस्म्याच्या वहीत आईचे नाव आहे, पण आजोबांच्या गावाचा पत्ता नाही. अशा वेळी ‘पूर्वी नोंदी नीट ठेवत नसत’ असे म्हणून लोक उठतात. ते निम्मेच खरे आहे. नोंदी ठेवल्या जात होत्या; त्या आपल्या वंशावळीसाठी ठेवल्या जात नव्हत्या, इतकेच. महसूल खात्याला सारा भरणारा हवा होता, आरोग्य खात्याला मृत्यूंचा आकडा, आणि चर्चला संस्कार झालेला माणूस. ज्याने त्याने आपल्या कामापुरती माणसे टिपली. म्हणून कोणत्याही वहीतली पोकळी पाहिली की आधी विचारावे, ही वही कोणासाठी लिहिली होती? या प्रश्नाच्या आधारे पट्ट्यातल्या मुख्य दप्तरांचा हा आढावा.

जन्म-मृत्यूच्या वह्या

आपल्याकडे जन्म-मृत्यूची नोंद सर्वांना कायद्याने सक्तीची झाली ती १९६९च्या अधिनियमाने, आणि महाराष्ट्रात त्याचा अंमल १ एप्रिल १९७०पासून सुरू झाला. त्याआधीचा १८८६चा कायदा ऐच्छिक होता. गावपातळीवर मात्र महसुली व्यवस्थेतून एक वही चालत असे, गाव नमुना नंबर १४. कोतवालाने आणलेल्या माहितीवर ती भरली जाई, म्हणून लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. खेड, हवेली, मावळ, मुळशी या तालुक्यांत वंशाचा शोध घेणाऱ्याला पहिल्यांदा याच वहीकडे बोट दाखवले जाते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची बरीच पाने मोडी लिपीत आहेत.

या वहीचा हेतू आकडे गोळा करण्याचा होता. कोणत्या गावात किती जन्मले, किती मेले आणि कशाने मेले, हे सरकारला हवे होते. त्यामुळे जन्माच्या रकान्यात बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच पुष्कळदा सापडते. नोंद होई तेव्हा बारसे झालेलेच नसे. आपल्या आजोबांचे नाव या वहीत शोधणारा माणूस म्हणूनच रिकाम्या हाताने परततो. शोधायचे ते पणजोबांचे नाव, आणि त्यांच्या नावापुढे कोणकोणत्या साली मुले लागली आहेत ते. प्लेगच्या आणि १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या वर्षांत तर लिहिणारी घरेच आजारी होती. त्या वर्षांच्या वह्यांवर भिस्त ठेवताना हे लक्षात घ्यावे.

दुसरी अडचण जागेची. जन्म जिथे झाला तिथे त्याची नोंद होते, कुटुंब राहते तिथे नाही. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडची रीत पाहता थोरल्या अपत्याचा माग बापाच्या गावात लागत नाही, आजोळच्या वहीत लागतो. चाकणच्या कुटुंबातले मूल पुण्यात ससूनमध्ये जन्मले असेल तर नोंद पुण्याच्या दप्तरात. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून १९७०मध्ये नगरपालिका झाली, १९८२मध्ये महानगरपालिका, आणि १९९७मध्ये आसपासची आणखी गावे तिच्यात आली. गाव जागेवरच राहिले, पण विचारायचे दार ग्रामपंचायतीतून पालिकेत, पालिकेतून महापालिकेत गेले. एखादी नोंद ‘नाही’ असे उत्तर मिळाले, तर ते कोणत्या दाराशी मिळाले हेही लिहून ठेवावे.

या वह्यांमध्ये शोध घेण्याचा आणि उतारा मागण्याचा हक्क १९६९च्या अधिनियमानेच कोणालाही दिला आहे. मृत्यूच्या उताऱ्यावर मृत्यूचे कारण मात्र देता येत नाही.

शाळेचे जनरल रजिस्टर हा या वह्यांचा धाकटा भाऊ. त्यात मुलाचे नाव हमखास असते, जात असते, जन्मतारीख मात्र भरवशाची नसते. एका पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो तो गुरुजींच्या अंदाजामुळे. शाळेला वर्गात बसवण्यापुरते वय हवे होते. म्हणून या रजिस्टरमधले नाव घ्यावे, तारखेला दुसरा आधार शोधावा.

जमिनीचे कागद

कारखान्यांनी हा पट्टा बदलण्याआधी इथे शेती होती, आणि जमिनीचे दप्तर हेच इथल्या मूळ कुटुंबांचे सर्वांत सखोल स्मरण आहे. १९०३च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदीची पद्धत आली. नमुना ६ म्हणजे फेरफार, ६ क म्हणजे वारसांची नोंदवही, मग ७/१२ आणि ८ अ. त्याच्याही मागे पाहणीच्या काळातले आकारबंद आणि फाळणी बारा. जुन्या फेरफारात ‘अमुक मयत, वारस पुत्र तीन’ असे एक वाक्य सापडले की एका ओळीत दोन पिढ्या पक्क्या होतात.

पण हे दप्तर खातेदाराचे आहे, कुटुंबाचे नाही. एकत्र कुटुंबात थोरल्याचे नाव ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लागे. त्याचे भाऊ कागदावर दिसत नाहीत आणि वाटणीच्या फेरफारात एकदम उगवतात. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता ही खूण दिसली तर नोंदीच्या वेळी वारस अज्ञान होता; त्यावरून जन्मसालाची खालची मर्यादा हाती येते. मुलींची नावे बहुधा नसतात आणि विधवेचे असले तर इतर हक्कांत सरकवलेले असते. महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि केंद्राने २००५मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हिस्सा दिला. जमिनीचे भाव चढत असतानाच हे झाले. तेव्हापासून हक्कसोडपत्राच्या निमित्ताने आत्या आणि आतेबहिणी कागदावर येऊ लागल्या. १९९४ पूर्वीच्या सातबाऱ्यावरून वंशवृक्ष काढला तर त्यात निम्मे घर गळालेले असते.

चाकणकडे शोध घेणाऱ्याला गट नंबर अडवतो. १९४७च्या कायद्याखाली एकत्रीकरण योजना झाली आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या गटावरून मागे गेले तर माग योजनेपाशी तुटतो. तो सांधायला एकत्रीकरणाचा जबाब आणि योजनापत्रक लागते, ते भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. शहरी भागात सिटी सर्व्हे झाला आणि मिळकत पत्रिका आली, तिथेही हाच सांधा शोधावा लागतो. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७२मध्ये नवनगर विकास प्राधिकरण. जमीन गेली त्या प्रत्येक वेळी निवाडे लिहिले गेले. निवाड्यात खातेदाराबरोबर हितसंबंध सांगणाऱ्यांचीही नावे असतात, आणि सातबाऱ्याने गाळलेले भाऊ तिथे भांडताना सापडतात.

आणखी मागे गेले की वतनाचे कागद लागतात. पाटीलकी वंशपरंपरेची होती, म्हणून तिचा वंश लिहून ठेवणे सरकारलाही भाग होते. १८५२च्या कायद्याने बसवलेल्या इनाम कमिशनने करमाफी उपभोगणाऱ्यांकडून वंशाचा पुरावा मागितला, आणि त्या धाकाने कैफियती, वंशावळी, सनदांच्या नकला तयार झाल्या. यातले पुष्कळ कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दफ्तराच्या हजारो रुमालांत आहेत. चिंचवडच्या मोरया गोसावींच्या देव घराण्याचा इतिहास लॉरेन्स प्रेस्टन यांना ‘द देव्ज ऑफ चिंचवड’ या १९८९च्या ग्रंथात पिढ्यानुपिढ्या मांडता आला. घराणे सत्पुरुषाचे होते हे एक कारण. इनामाच्या गावांसाठी प्रत्येक राजवटीपुढे वारसा सिद्ध करावा लागत होता, हे त्याहून मोठे कारण.

याच न्यायाने एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. ज्यांच्याकडे मालकीची शेती नव्हती असे आपण धरून चालतो त्या महार कुटुंबांचेही वंश दप्तरात असतात, कारण महारकी हेही वतन होते. १८७४च्या वतन कायद्याखालची रजिस्टरे, सहा ब इनामाच्या नोंदी आणि १९५८च्या कायद्याने कनिष्ठ वतने खालसा झाल्यावरची पुनर्प्रदानाची प्रकरणे यांत हिस्सेदारांची नावे येतात. १९५६च्या धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्या, किंवा त्याआधीच ख्रिस्ती झालेल्या घरांना आपले मूळ गाव याच कागदांत सापडू शकते. बिनवतनी, बिनजमिनीचा मजूर मात्र इथे नाही. त्याच्यावर आकारणी करण्यासारखे काही नव्हते, म्हणून दप्तराला तो दिसलाच नाही.

चर्चच्या वह्या

ट्रेंटच्या परिषदेने १५६३मध्ये कॅथलिक धर्मगुरूंना विवाहाची वही ठेवायला लावली, १६१४च्या विधिग्रंथाने बाप्तिस्मा आणि दफनाच्या वह्यांचे नमुने घालून दिले. तेव्हापासूनची ही शिस्त आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलाचे नाव असतेच, कारण तो विधीच नावाचा. आई आणि वडील दोघेही असतात, धर्ममाता-धर्मपिता असतात. सरकारी वहीने गाळलेली बाई इथे नोंदलेली असते. १९०८पासून तर लग्न झाले की वधूवरांच्या मूळ बाप्तिस्म्याच्या ओळीसमोर समासात त्याची टीप करण्याचा नियम आला. म्हणजे पुण्यात बाप्तिस्मा झालेल्या मुलीचे लग्न मुंबईत झाले तरी पुण्याच्या पानाच्या कडेला त्याचा पत्ता लागतो. धर्मग्रामाच्या कार्यालयातून मिळणाऱ्या छापील दाखल्यावर समासातले सगळे उतरतेच असे नाही, म्हणून शक्य असेल तिथे मूळ पान पाहू द्यावे अशी विनंती करावी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वीच्या नोंदी पुष्कळदा लॅटिनमध्ये असतात आणि नावांनाही लॅटिन रूप दिलेले असते.

वही कोणत्या चर्चमध्ये आहे हे ठरवायला थोडा इतिहास लागतो. पेशव्यांच्या सैन्यातल्या गोवेकर ख्रिस्ती शिपायांसाठी सवाई माधवरावांच्या काळात, १७९२मध्ये, पुण्यात जागा मिळाली. तिथले सिटी चर्च गोव्याच्या पोर्तुगीज धर्मसत्तेखाली होते. छावणीतल्या कॅथलिकांची व्यवस्था वेगळी होती, आणि पुण्याचा धर्मप्रांत झाला तो १८८६मध्ये. एकाच शहरातल्या दोन कॅथलिक कुटुंबांची मुळे अशी दोन वेगळ्या धर्मसत्तांच्या कागदांत निघतात. खडकीच्या छावणीतले आणि दारूगोळा कारखान्यातले अँग्लिकन लोक आणखी तिसरीकडे. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनांच्या नकला लंडनला पाठवल्या जात, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन/३ या मालिकेत आहेत. मूळ वही वाळवीने खाल्ली असली तरी नक्कल सातासमुद्रापार शाबूत असू शकते. विवाहांच्या बाबतीत १८७२चा ख्रिस्ती विवाह कायदाही मदतीला येतो, कारण त्याने धर्मगुरूंना विवाहाच्या नोंदींच्या प्रती सरकारकडे पाठवायला लावले.

पिंपरी-चिंचवडमधली मराठी ख्रिस्ती घरे मात्र या छावणी-चर्चमधून फारशी आलेली नाहीत. त्यांच्यातल्या अनेकांची मुळे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आहेत. १८३१पासून तिथे अमेरिकन मराठी मिशन काम करत होते, पुढे एस.पी.जी. या अँग्लिकन संस्थेचे आणि येशूसंघी मिशनरीही आले. प्रौढपणी बाप्तिस्मा घेतलेल्याची नोंद पुष्कळदा त्याच्यापासूनच सुरू होते. गोव्यात धर्मांतरित कुटुंबाला धर्मपित्याचे पोर्तुगीज आडनाव मिळाले आणि मागचा धागा तिथे कापला गेला. नगरकडे बहुतेकांनी जुने मराठी आडनाव ठेवले, म्हणून चर्चच्या वहीतून गावाच्या महसुली दप्तरात उलटे जाता येते. १९७०मध्ये अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले आणि वह्यांचा ताबा बदलला. जुने दप्तर आता कोणाकडे, हे दर ठिकाणी विचारावे लागते. १८४२पासून निघालेल्या ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्रातले मृत्युलेखही चाळण्यासारखे आहेत.

सगळ्यांत कठीण शोध दुष्काळात अनाथ झालेल्यांचा. १८९६-९७च्या आणि १८९९-१९००च्या दुष्काळांत आईबाप गमावलेली मुले मिशनांच्या आश्रमांत वाढली. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनने शेकडो मुली सांभाळल्या. अशा घरात वंशवृक्षाचे मूळ आश्रमाच्या प्रवेशवहीत असते. तिथे गावाचे नाव मिळाले तर मोठे भाग्य समजावे.

बाहेरून आलेल्यांचे दप्तर

या पट्ट्यात आज राहणाऱ्या बहुसंख्यांचे पणजोबा इथे नाहीतच. लातूर-बीडहून चाकणला आलेल्या कामगाराला निजामाच्या राज्यातली कागदपत्रे पाहावी लागतात. ती उर्दूत असतात आणि १९५०च्या दशकातले खासरा पत्रक हा त्यांच्यापर्यंत नेणारा पूल आहे. पिंपरी कॅम्पातल्या सिंधी कुटुंबांची मुळांची दप्तरे सीमेपलीकडे राहिली. त्यांच्यासाठी फाळणीनंतर मालमत्तेच्या भरपाईसाठी केलेले दावे आणि हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्या हेच मुख्य आधार. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या तेच काम करतात. यात्रेकरूने स्वतः सांगितलेली नावे त्यात असतात. जमीन असो नसो, क्षेत्राला गेलेला माणूस तिथे सापडतो. न गेलेला सापडत नाही.

जुळवाजुळव

एवढी दप्तरे पाहिली की नावे कमी पडत नाहीत, जास्तच होतात. मग चुका होतात. आजोबांचे नाव नातवाला देण्याच्या रिवाजामुळे ‘रामा बिन लक्ष्मण’ आणि ‘लक्ष्मण बिन रामा’ एकाआड एक येत राहतात आणि दोन पिढ्या सहज एकीत मिसळतात. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ आणि ‘भ्रतार’ यांनी नवऱ्याचे नाव कळते. जुन्या मोडी कागदात आडनाव पुष्कळदा नसतेच. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि शब्द सलग लिहिलेले असतात, म्हणून जाणकाराकडून लिप्यंतर करून घेतल्याशिवाय त्यावर दावा उभारू नये. सालांचेही तसेच. शकात ७८, फसलीत साधारण ५९० आणि सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, पण वर्षाची सुरुवात वेगवेगळी असल्याने एका वर्षाचा फरक राहू शकतो.

मुख्य कसोटी एकच. एकाच नावाचा माणूस दोन कागदांत सापडला म्हणून तो एकच होत नाही. ते कागद वेगळ्या हेतूने लिहिलेले असावेत आणि तरीही जुळावेत. सातबारा आणि त्यावरून काढलेली वारस नोंद हे दोन पुरावे नव्हेत. दुसरा पहिल्याची सावली आहे. वारसाचा फेरफार आणि कोतवाल बुकातला मृत्यू यांची वर्षे जुळली, किंवा वतनाच्या रजिस्टरातले नाव आणि मिशनच्या वहीतले गाव जुळले, तर त्याला वजन आहे. पुराव्याच्या कायद्यातही हाच विवेक आहे. नात्याविषयी दिवंगत नातलगाने केलेले विधान ग्राह्य धरले जाते ते वाद उपस्थित होण्याआधी केलेले असले तर. मोबदला जाहीर झाल्यावर मुद्रांकावर लिहिलेल्या वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रापेक्षा लग्नपत्रिकेच्या मागे आजीने चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेली नावे अधिक विश्वासाची.

जिथे जुळत नाही तिथे वंशवृक्षात जागा रिकामी ठेवावी आणि शेजारी कारण लिहावे: ‘१९१० ते १९२२ नमुना १४ उपलब्ध नाही’, किंवा ‘बाप्तिस्मा प्रौढपणी, वडिलांचे नाव नाही’. ही रिकामी जागा पुढच्या शोधकाला खोट्या नावापेक्षा जास्त उपयोगी पडते. खोटे नाव एकदा प्रतिज्ञापत्रात गेले की ते फेरफारात जाते, फेरफारातून उताऱ्यावर, आणि पन्नास वर्षांनी तेच पुरावा म्हणून समोर येते.

सरकारी शोधाने काय साधले

या विषयात अलीकडे सर्वांत मोठी उलथापालथ झाली ती मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने. सप्टेंबर २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. आधी मराठवाड्यापुरते असलेले तिचे काम नंतर राज्यभर झाले. कुणबी इतर मागासवर्गात येतात, आणि त्या वर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणून त्याआधीचे जन्म-मृत्यू, महसूल, शाळा, कारागृह, भूमी अभिलेख असे सगळे कागद बाहेर काढून कुणबी नोंदी शोधल्या गेल्या. मोडी वाचक मिळेनासे झाले. पन्नास लाखांहून अधिक नोंदी मिळाल्याचे सरकारने सांगितले, आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्यांची पाने चढली. ज्या दप्तराचे गाठोडे दशकानुदशके कोणी सोडले नव्हते ते एका वर्षात सुटले, हे या शोधाचे मोठेच देणे.

पण शोध एका शब्दाचा होता. ‘कुणबी’ किंवा नुसते ‘कु.’ असलेली ओळ टिपली गेली आणि त्याच पानावरच्या न्हाव्याच्या, मांगाच्या, मुसलमानाच्या, ख्रिस्त्याच्या ओळी वाचून सोडल्या गेल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने आपल्या कामापुरते टिपले आणि आपणही तेच केले. वाचक बसलेलेच होते, पान उघडलेलेच होते; त्याच खर्चात प्रत्येक ओळीची नावनिहाय सूची होऊ शकली असती. ती अजूनही होऊ शकते. नमुना १४ची उपलब्ध पाने गाववार, सालवार आणि जात न पाहता सूचीबद्ध करावीत, आणि धर्मप्रांतांनी व मंडळ्यांनी निदान शंभर वर्षांपूर्वीच्या वह्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. खेड तालुक्यातल्या एका पानावरच्या सगळ्या ओळी वाचल्या गेल्या, तर पाटलाच्या वारसाला आणि त्याच गावच्या बिनवतनी मजुराच्या नातीला एकाच वहीत आपापले पणजोबा शोधता येतील.